मायांडीची मैत्रीण इरुळायी

माझी सासू इरुळायी ही माझ्या बापाची सख्खी बहीण. म्हणजे आत्याही तीच आणि सासूही तीच. त्यामुळे झालंय काय, की तिची गाऱ्हाणी सांगायला मला माहेरच उरलेलं नाही. तोंड उघडलं की माझा बाप म्हणतो, "पवुन, माझ्या ताईबद्दल बोलतेयस, जपून हां!" इतकी वर्षं सगळं पोटात साठवून ठेवलंय. आज सांगते.

आत्याचा मोठा दोष म्हणजे तिला खोटं बोलता येत नाही. तुम्ही म्हणाल, हा कसला दोष? एकदा तिच्याबरोबर संसार करून बघा. आमच्या कोडंगिपट्टीच्या फुलबाजारात ती पहाटेपासून मोगरा आणि अबोली घेऊन बसते. गिऱ्हाइकानं विचारलं, "आजी, संध्याकाळपर्यंत टिकेल ना गजरा?" की ही म्हणणार, "नाही टिकायचा, दुपारीच मान टाकेल." गिऱ्हाईक पुढं जातं आणि टोपली तशीच राहते. माझं लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी सहज विचारलं, पोरीला स्वयंपाक येतो का? भर मांडवात ही म्हणाली, "सांबार अजिबात येत नाही. पण भावाची पोर आहे, टाकून कुठं देणार?" ते सांबार अजून गावात माझ्या नावानं उकळतंय.

आमच्या भिंतीला भिंत लावून मायांडीचं घर. तो बाजारात फुलांची पोती उतरवतो. अंगानं दांडगा, आवाज त्याहून दांडगा. त्याची आई तो लहान असतानाच गेली. मग तो निम्मा आमच्याच घरात वाढला. आत्या त्याला जेवू घालायची, न्हाऊ घालायची आणि बदडायचीही तीच. पुढं त्याला मिशा फुटल्या आणि दारूही लागली. चार वर्षांपूर्वी पोंगलच्या आदल्या दिवशी, फुलांचे भाव आभाळाला टेकलेले असताना, तो झिंगून बाजारात आला. आत्याच्या टोपल्या पोती न्यायच्या वाटेत होत्या. "उचल" म्हणाला. आत्या म्हणाली, "आधी शुद्धीवर ये." त्यानं लाथेनं टोपल्या उलथवल्या, आत्या आडवी आली तर तिला ढकललं आणि चालता झाला. आत्या उठली, लुगडं झाडलं आणि सरळ पोलिस ठाण्यात जाऊन तक्रार देऊन आली.

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं पाणी तुटलं. आमच्याकडे भांडण असं मिटत नाही. ज्या घराशी वैर, त्या घरचं पाणी प्यायचं नाही, त्यांना पाजायचं नाही, बोलायचं नाही. मिटवायचं असेल तर थोरल्यानं भांड्यातलं एक घोट पाणी प्यावं आणि तेच भांडं धाकट्याच्या हातात द्यावं. तो प्याला की झालं. पण थोरलीला वाटे त्यानं यावं, धाकट्याला वाटे तिनं बोलवावं. दोघंही एका मातीची. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, बायको शेंबगम आली, तिनं त्याची दारू सोडवली. तरी पाणी तुटलेलंच. कोर्टात ती तक्रार तारखांवर तारखा खात पडून होती.

यंदा बाजाराच्या ठेकेदाराच्या माणसानं एकाच टोपलीची वसुली दोनदा मागायला सुरुवात केली. सगळे बायाबाप्ये कुरकुरत देत होते. मायांडीनं त्याची कॉलर धरली. धक्काबुक्की झाली, लोकांनी सोडवलं, संपलं. म्हणजे आम्हाला वाटलं संपलं. दोनच दिवसांत मायांडीला उचलून नेलं. साधी केस असती तर जामीन झाला असता. पण ह्याला लावला गुंडा कायदा. त्यात काय केलंस म्हणून शिक्षा नसते, पुढं काय करशील ह्या भीतीनंच आत टाकतात. खटला नाही, जामीन नाही. वर्षभर आत. आणि शेंबगम पोटुशी.

एका दुपारी ती आमच्या दारासमोर गल्लीत येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही, पाणी तुटलंय ना! हातात जाडजूड कागदांचा गठ्ठा. "अक्का, एवढं वाचून सांगशील? एवढं सगळं अक्षर जुळवून वाचणं मला जमत नाही."

का धरलं ते धरलेल्या माणसाला त्याच्याच भाषेत लिहून द्यावं लागतं, तेही झटपट. म्हणून तमिळमध्ये सगळं लिहून दिलेलं. मी ओट्यावर बसून वाचायला लागले. आत्या आत मोगरा ओवत होती. ऐकत नाहीये असं दाखवायला मोठमोठ्यानं खोकत होती.

"सदर इसम हा गुंड प्रवृत्तीचा असून... त्यानं सुरी उगारताच लोक सैरावैरा पळाले, दुकानं धडाधड बंद झाली..." मी वाचत होते. "याआधीचा गुन्हा. फुलविक्रेत्या इरुळायी यांना मारहाण. त्याच्या दहशतीमुळे सदर इरुळायी या आजही जीव मुठीत धरून जगत आहेत."

आतलं खोकणं थांबलं.

"काय धरून?"

"जीव, आत्या. मुठीत."

ती दाराशी आली. ओवायचा केळीच्या सोपटाचा धागा अजून बोटातच होता. "कोण जीव मुठीत धरून जगतंय? मी? ह्या शेंबड्याला भिऊन? अगं, ह्याचं ढुंगण धुतलंय मी! कुणी लिहिलं हे?"

"पोलिसांनी लिहिलंय, आत्या."

"मग त्यांनी मला येऊन विचारलं का, की बाई, तू भितेस का म्हणून?" मग शेंबगमकडे न बघता, भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाली, "हिला म्हणावं उन्हात उभी राहू नकोस, सावलीला हो. पोटात मूल आहे."

मला मनातून हसू येत होतं आणि रागही. चार वर्षं ज्याचं नाव घेतलं नाही, त्याच्यासाठी आता ही उठणार हे मला त्याच क्षणी कळलं. आणि हिच्यामागं मलाच पळावं लागणार, हेही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी वकिलाकडे. वकील सेल्वनायगम म्हणजे गोरागोमटा, घामाघूम होणारा माणूस. चांगला आहे बिचारा. म्हणाला, "हायकोर्टात अर्ज टाकलाय. पण तिथं नंबर लागेपर्यंत हिचं बाळ रांगायला लागेल. त्याआधी एक वाट आहे. सरकारला ह्या माणसाला चेन्नईत सल्लागार मंडळापुढं उभं करावंच लागतं. न्यायाधीश राहिलेली तीन मोठी माणसं असतात. ते म्हणाले पुरेसं कारण नाही, तर सरकारला सोडावंच लागतं."

"मग तुम्ही बोला की तिथं," मी म्हटलं.

"मला आत जाता येत नाही. त्या मंडळापुढं वकिलाला मज्जाव. फक्त मित्राला बरोबर नेता येतं. वकील नसलेल्या मित्राला."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मायांडीचे मित्र! एकेकाच्या नावावर दोनदोन केसी. न्यायाधीश हा शब्द ऐकूनच ते गाव सोडतील. शेंबगमच्या भावाला विचारलं होतं, त्याला तर लगेच हगवण लागली.

"मी जाते," आत्या म्हणाली.

वकिलानं घाम पुसला. "तुम्ही? तक्रारदार तुम्हीच ना? अहो, मग तर सोन्याहून पिवळं! तक्रारदारच मैत्रीण म्हणून उभी! मी अर्जात नाव टाकतो."

"थांबा. मी त्याची मैत्रीण नाही. आमचं पाणी तुटलंय."

"अहो आजी, ते नावापुरतं असतं हो."

"नावापुरतं मी काही करत नाही. आधी पाणी जुळायला पाहिजे. मग मैत्रीण. मग बोलेन."

वकिलानं माझ्याकडे बघितलं. मी वर छताकडे बघितलं. आमच्या घरात हे रोजचं आहे.

म्हणून आम्ही तुरुंगाच्या दाराशीही गेलो. आत्यानं पितळेचा तांब्या बरोबर घेतलेला. दारावरच्या शिपायानं विचारलं, "नात्यानं कोण?" ही म्हणाली, "कोणी नाही." झालं! मी मागून चिमटा काढला, "मावशी म्हण ना, मावशी!" तर माझ्याकडेच वळून, "खोटं का बोलू?" शेंबगमला आत सोडलं, आम्ही दोघी बाहेर. तिच्याकडून निरोप धाडला तर मायांडीचं उलट उत्तर आलं, "त्या म्हातारीनं लिहून दिलं म्हणून तर मी इथं आहे. तिला सांग, माझी दया नको." मला इतका संताप आला की म्हटलं, राहू दे मेल्याला आतच. पण शेंबगमचं ते वाढलेलं पोट बघितलं आणि गप्प बसले.

मग चेन्नई. वकिलानं अर्जात मैत्रीण म्हणून आत्याचं नाव टाकूनच दिलं होतं. बसमधून उतरलो तेव्हा तिघींचीही अंगं आंबून गेली होती. मोठी इमारत, थंडगार व्हरांडा. मला आणि शेंबगमला दाराशी बाकावर बसवलं. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं दिसत होतं. लांब टेबलामागं तिघं बसलेले. मधले साहेब पांढऱ्या केसांचे, त्यांच्या उजवीकडे एक चष्म्यातल्या बाई, डावीकडे आणखी एक साहेब. समोर दोन पोलिसांच्या मध्ये मायांडी उभा. वाळला होता. शेंबगमनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

आत्या आत गेली, हात जोडले. मधल्या साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्ही ह्याच्या कोण?"

"शेजारीण."

"इथं मैत्रीण लिहिलंय."

"ते व्हायचंय अजून, साहेब. जरा पाणी मिळेल का?"

त्यांना वाटलं म्हातारी दमली. शिपायानं पेला आणून दिला. हिनं वरून एक घोट घेतला आणि पेला मायांडीसमोर धरला.

"ए म्हातारे!" पोलीस ओरडला. "कैद्याला काही द्यायचं नाही!"

"पाणी आमचंच आहे," मधले साहेब म्हणाले. "काय चाललंय ते तरी बघू."

मायांडी हलला नाही. खाली मान घालून म्हणाला, "कागदावर पहिलं नाव तुझंच आहे."

"माझंच आहे. टोपल्या कुणी उलथवल्या?"

त्यानं पोलिसाकडे बघितलं.

"विचारतेय मी."

"मी."

"मग त्याचा न्याय आपल्या तिकडच्या कोर्टात होईल. तिथं मी येईन आणि जे झालं ते सांगेन. ते मागं घेणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. पण ह्या कागदात लिहिलंय की मी तुला भिते. ते खोटं आहे. ते खोडायला एवढ्या लांब आलेय, बसमध्ये कंबर मोडून घेतलीय. पाणी पितोस की जाऊ?"

तुम्हाला सांगते. मायांडीनं पाणी नाकारलं असतं तर आत्या तशीच वळली असती, एक शब्दही न बोलता. मी तिला ओळखते. शेंबगमचं मूल बापाशिवाय जन्मलं असतं आणि आत्या जन्मभर रडली असती, पण खोटी मैत्रीण म्हणून उभी राहिली नसती. मी सगळ्या देवांना हाका मारत होते. मायांडीनं पेला घेतला. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. पण प्याला.

आत्या टेबलाकडे वळली. "हं. आता विचारा साहेब. आता मी ह्याची मैत्रीण."

चष्म्यातल्या बाईंनी विचारलं, "ह्यानं तुम्हाला मारहाण केली होती ना? खरंच तुम्हाला त्याची भीती वाटत नाही?"

आत्यानं मायांडीकडे बघितलं. तो तिच्यापेक्षा दीड हात उंच. "वाक," ती म्हणाली.

आणि तो वाकला! न्यायाधीशांसमोर, पोलिसांसमोर, तो एवढा दांडगा गडी लहानपणीच्या सवयीनं वाकला. हिनं त्याचा कान धरला आणि चांगला पिळला. "ही भीती," म्हणाली. मघाशी ओरडलेला पोलीस तोंडावर हात धरून भिंतीकडे वळला. बाईंनी चष्मा काढून पुसला.

मग तिनं सगळं सांगितलं. "कॉलर धरली, खरं आहे. शिव्याही दिल्या. सुरी मी नाही पाहिली, आणि मी पाच हातांवर बसले होते. लोक पळाले म्हणता, तर मी नाही पळाले. गुडघे कुठं पळू देतायत? दुकानं बंद झाली म्हणता, मी तर त्याच वेळी एका बाईशी गजऱ्यावरून हुज्जत घालत होते. साहेब, ह्यानं काही केलं असेल तर काय केलं ते सांगा, ज्यानं पाहिलं त्याला समोर आणा, ह्याच्या वकिलाला बोलू द्या. मग द्या शिक्षा, मी मधे पडणार नाही. पण पुढं काहीतरी करील म्हणून आजच कोंडायचं म्हटलं तर मलाही कोंडा. मी रोज काही ना काही करते. ती बघा दारात माझी सून बसलीय, साक्ष देईल."

तिघांनीही दाराकडे बघितलं. मी पदर तोंडावर ओढून घेतला. काय करणार!

मंडळानं तिथल्या तिथं काही सांगितलं नाही, सांगतही नाहीत. आम्ही परत आलो. ते दिवस फार वाईट गेले. आत्या ओवता ओवता मधेच थांबायची, म्हणायची, "कान जास्त पिळला का गं?" मग एक दिवस वकील धापा टाकत बाजारातच आला. मंडळाचं मत आलं होतं, स्थानबद्ध ठेवायला पुरेसं कारण नाही. मायांडी सुटला. शेंबगमला कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षा बोलवायला तोच धावला. मुलगी झाली. गल्लीत सगळ्यांना गूळपाणी वाटलं, आमच्या घरी आधी आणून दिलं.

गोष्ट इथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण आत्या आहे ना! महिनाभरात त्या जुन्या टोपल्यांच्या केसची तारीख आली. साक्षीचं बोलावणं. सगळा बाजार म्हणाला, मागं घे, मिटवा. मीही भांडले. "आत्या, आता त्याचं बाळ आहे. शिक्षा झाली आणि उद्या परत तोच कागद काढून त्याला आत टाकलं तर?"

"टाकलं तर परत जाईन चेन्नईला," ती म्हणाली. "पण तिथं सांगून आलेय, येऊन खरं सांगेन म्हणून. ते खरं नसेल, तर बाकीचंही मी खोटंच बोलले ना?"

मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिच्या लक्षातही आलं नाही.

तारखेच्या दिवशी एकाच बसनं गेलो. मायांडीनं तिला खिडकीची जागा धरून दिली. कोर्टात तिला पिंजऱ्यात उभं केलं. सरकारी वकिलानं विचारलं, "आरोपीला ओळखता?" ही म्हणाली, "हा काय. ह्यानंच तर मला हात धरून आणलं." सगळं कोर्ट हसलं. मग सेल्वनायगम उलटतपासणीला उठला. घामानं कॉलर भिजलेली. "आजी, त्या दिवशी गर्दी होती. धक्का चुकून लागला असेल, नाही का?"

"नाही. ढकललंच."

"मग टोपल्या? पाय अडखळला असेल?"

"वकीलसाहेब, तुम्ही चांगले आहात, पण लाथ ती लाथ." ती थांबली. मग तिचा आवाज बदलला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "टोपल्यांचं मला काही वाटलं नाही साहेब. फुलं काय, उद्या परत येतात. मी पडले तिथं चिखलात. आणि हा वळून बघायलासुद्धा थांबला नाही. ह्याला मी भात भरवलाय." एवढंच बोलली आणि पिंजऱ्यातून खाली उतरली. चार वर्षांत हे ती कुणालाच बोलली नव्हती, मलाही नाही.

सेल्वनायगम खाली बसला. मायांडीला विचारलं, तो म्हणाला, "खरं आहे. सगळं खरं आहे." मॅजिस्ट्रेटनं दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद सुनावली.

"म्हणजे काय?" आत्यानं मला विचारलं. मी सांगितलं, "आजचं काम संपून साहेब उठेपर्यंत त्यानं इथंच बसायचं, बाहेर जायचं नाही. मग सुटला. चल, आपली बस आहे." ती मागच्या बाकाकडे गेली आणि मायांडीच्या शेजारी बसली. शिपाई म्हणाला, "आजी, शिक्षा त्याला आहे, तुम्हाला नाही. तुम्ही जा घरी." "ठाऊक आहे रे," ती म्हणाली. "तू तुझं काम कर." मग मीही बसले, दुसऱ्या बाजूला. मला तरी कुठं जायचं होतं?

पुढं कुणाकुणाच्या केसी चालल्या, पुकारे होत राहिले. मग मायांडी खालच्या मानेनं म्हणाला, "मावशे, त्या दिवशी ढकललं तेव्हा मला वाटलं तू लगेच उठशील. तू नेहमीच उठतेस."

"मीपण म्हातारी होतेय की रे, मुडद्या," आत्या म्हणाली आणि रडायला लागली. माझ्या लग्नात नाही, मामंजी गेले तेव्हाही माणसांत नाही, तिथं सगळ्या कोर्टासमोर रडली. तोही रडत होता, एवढा मोठा बाप्या. मी इकडे नाक ओढत बसले होते. मॅजिस्ट्रेट कधी उठले, लोक कधी गेले, आम्हाला काही कळलं नाही. शिपाई पंखे बंद करत आमच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "अहो, कोर्ट केव्हाच उठलं. शिक्षा संपली. जा आता घरी." दोघांनीही ऐकलं, पण कुणी उठलं नाही. मी शिपायाला म्हटलं, "बसू द्या हो थोडा वेळ."